फ्लेक्सच्या दुकानाचा रिव्ह्यू: ३ स्टार, आणि आमच्या बॅनरवर 'भावी' कसं आलं ते

दुकानाचं नाव लिहत नाही, आधीच सांगून ठेवते. चूक दुकानाची होती, पण ज्या पोराच्या हातून झाली त्याच्या पगारातून मालक पैसे कापेल, आणि मालकाचा स्वभाव मी पाहिला आहे. नागपुरात सीताबर्डीच्या अलीकडच्या गल्लीतलं एक दुकान एवढंच समजा, दारात लाकडी फ्रेमा उभ्या असतात आणि आत पाय टाकला की शाईचा वास थेट डोक्यात जातो.

मी रिटायर्ड सिस्टर आहे. चर्चवाली नाही, दवाखान्यातली. ३१ वर्षं वॉर्डात काढली आणि आता मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, भेट गटात आहे. भेट गट म्हणजे जे आजारी आहेत, म्हातारे आहेत, ज्यांच्या घरचं माणूस गेलं आहे त्यांच्याकडे जाऊन बसायचं. पाळकीय सेवा म्हणतात त्याला, ऐकायला मोठं वाटतं पण काम म्हणजे बहुतेक वेळा गप्प बसणं, चहा आला तर पिणं, आणि माणूस तीच गोष्ट चौथ्यांदा सांगून राहिला असेल तरी पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकणं. दर वर्षी २ नोव्हेंबरला आमच्यातले लोक कबरस्तानात जाऊन मेणबत्त्या लावतात आणि त्याच्या जवळच्या रविवारी आम्ही स्मरण भक्ती, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, ठेवतो, वर्षभरात ज्यांच्या घरी कोणी गेलं त्या कुटुंबांसाठी. त्याच्यासाठी छोटा बॅनर पायजे होता. आणि कमिटीने म्हटलं जातेच आहेस तर डिसेंबरच्या उपदेश सभेचा मोठा बॅनरही टाकून ये. मोठ्याचं रामायण वेगळंच आहे, सांगते.

आधी रेट, कारण रिव्ह्यू वाचणारे त्याच्यासाठीच येतात. साधा फ्लेक्स १५ रुपये स्क्वेअर फूट लावला. आमचा छोटा ६ बाय ३ म्हणजे १८ फूट, २७० रुपये. मोठा १० बाय ८, ८० फूट, १२०० रुपये. डिझाईनचे वेगळे २०० सांगितले होते ते मी घासाघीस करून माफ करून घेतले, दोन बॅनर एकत्र होते म्हणून. आयलेट, म्हणजे दोरी ओवायला कडेला लोखंडी रिंगा मारतात त्या, फुकट. लाकडी फ्रेम पायजे असेल तर एक्स्ट्रा. यूपीआय चालतं. पार्किंग नाही, ॲक्टिव्हा समोरच्या हार्डवेअरवाल्याच्या शटरपुढे लावावी लागते आणि तो दर वेळी कुरकुर करतो. चहा विचारतात पण सीझनमध्ये नाही विचारत.

आणि सीझन कोणता, तर वाढदिवसाचा. मला वाटत होतं फ्लेक्सवाल्यांचा धंदा लग्न, दुकानाचं उद्घाटन, कोचिंग क्लास यांच्यावर चालत असेल. डिझाईन करणारं पोट्टं, असेल २२-२३ वर्षांचं, कानात एक इअरफोन लटकलेला, मला पाहून पहिलं काय विचारलं तर "काकू, भाऊंचा वाढदिवस का?" मी म्हटलं नाही बाबा, स्मरण भक्ती आहे, चर्चमध्ये. तो म्हणे "हाव, श्रद्धांजली" आणि फोल्डर उघडलं.

मी त्याच्या मागे स्टुलावर बसून पाहत होते. फोल्डरची नावं पाहून घ्या: वाढदिवस, कार्यसम्राट, भावी, नियुक्ती, दहीहंडी, श्रद्धांजली. कार्यसम्राट नावाचं फोल्डर! बायबलमध्ये लूकच्या २२ व्या अध्यायात येशू शिष्यांना सांगतो की राजे लोक प्रजेवर सत्ता चालवतात आणि वरून त्यांना परोपकारी म्हणून मिरवतात, तुमच्यात तसं नको. आयुष्यभर वाचलं, पण हे परोपकारी म्हणजे कोण ते त्या दिवशी कॉम्प्युटरवर दिसलं, वर सोनेरी अक्षरात, खाली नाव टाकायला जागा रिकामी. भावी फोल्डरमध्ये भावी नगरसेवक, भावी आमदार, भावी पालकमंत्री सगळे होते. मनपाची निवडणूक २०१७ मध्ये झाली आणि मार्च २०२२ पासून प्रशासक बसले, त्यामुळे भावी नगरसेवक वर्षानुवर्षं भावीच राहिले आणि दर वाढदिवसाला नवीन फ्लेक्स छापत राहिले. पोट्टं म्हणे एका भाऊंच्या फाईलमध्ये मी फक्त गॉगल बदलतो दर वर्षी.

श्रद्धांजलीचे टेम्प्लेट उघडले तर काय पाहावं. गेलेल्या माणसाचा फोटो एका बाजूला गोलात, आणि श्रद्धांजली वाहणाऱ्या नेत्याचा फोटो त्याच्या दुप्पट, हात जोडून. मी म्हटलं अरे, मेलं कोण आहे? तो हसला. "काकू, पैसे कोण देते ते पाहा ना." त्याचं काही चुकलं नाही, तो धंदा सांगत होता.

मग त्याने मला फ्लेक्सचा हिशोब समजावला, मी विचारलं म्हणून. सगळ्यात वर देशपातळीचे आणि राज्याचे नेते, छोट्या गोलांत, ते ठरलेलेच, क्रम चुकला तर भांडण होतं. मधे भाऊ, कंबरेपासून वर किंवा अख्खे, चालत येताना, पांढरे कपडे. त्याच्या आजूबाजूला जवळचे दोन-चार जण. आणि सगळ्यात खाली शुभेच्छुक, पोस्टाच्या तिकिटाएवढे फोटो, तीस-तीस, चाळीस-चाळीस, प्रत्येकाकडून वर्गणी घेतात. मी चष्मा लावून खालची लाईन पाहत होते तर एक चेहरा ओळखीचा वाटला. म्हटलं हा तू ना? डावीकडून तिसरा. म्हणे हो, "माझे पैसे नाई लागत, मी डिझाईनवाला आहे, मी मलेच टाकतो."

काहून टाकतो रे?

तर त्याने सांगितलं ते मी इथं त्याच्या शब्दात लिहायचा प्रयत्न करते. वडील ऑटो चालवतात. दहावीपर्यंत वर्गात सरांना त्याचं नाव माहीत नव्हतं, मागच्या बेंचवाला म्हणायचे. बारावी झाली नाही. मोहल्ल्यात कोणी विचारत नव्हतं. मग पहिल्यांदा चौकात फ्लेक्सवर फोटो लागला आणि भाजीवाल्याने आईला विचारलं, तुमचं पोरगं भाऊंच्या माणसांत आहे का हो. आईने त्या दिवशी घरी येऊन दोनदा सांगितलं म्हणे. मी विचारलं भाऊ तुझ्याशी कधी बोलले का? "एकदा खांद्यावर हात ठेवला होता. फोटोसाठी." आणि तुझं नाव माहीत आहे त्यांना? माऊस हलवत हलवत म्हणे, "सगळ्यांना बाळा म्हणतात ते."

इथं मला लेक्चर द्यायची लय इच्छा झाली होती, खरं सांगते. योहानाच्या दहाव्या अध्यायात मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो असं आहे, जिभेवर आलंच होतं. पण मग मला आठवलं की मी स्वतः ३१ वर्षं काय म्हटलं. चौदा नंबरला सलाईन लाव. सात नंबरचे नातेवाईक बोलाव. वॉर्डात ६० पेशंट आणि आम्ही दोघी असलो की नाव कोण लक्षात ठेवते, पण माणूस तर चौदा नंबर नव्हता ना. म्हणून गप्प बसले.

आता मोठ्या बॅनरचं रामायण. मला वाटायचं हे फोटोचं वेड राजकारण्यांचं आणि सिनेमावाल्यांचं. आमच्या उपदेश सभेच्या बॅनरवर कोणाचे फोटो, कोणत्या क्रमाने, केवढे, याच्यावर कमिटीची दोन तासांची मीटिंग झाली आहे. बाहेरून येणारे वक्ते मधे, कोट-टाय, हातात माईक, डोळे मिटलेले. त्यांच्या माणसाने फोटो पाठवतानाच सांगितलं की हाच वापरा आणि किमान अर्धा बॅनर पायजे. वर बिशप साहेब गोलात. खाली कमिटी, गोलात, तिकिटाएवढे. म्हणजे तेच कोष्टक! पोट्ट्याने पेन ड्राईव्ह लावली, पाहिलं आणि म्हणे "काकू हे तर वाढदिवसाच्याच फाईलमध्ये बसते," आणि खरंच बसलं, पाच मिनिटांत. भाऊंच्या जागी वक्ते. बायबलमध्ये करिंथच्या मंडळीत लोक आपापला उपदेशक धरून म्हणायचे मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा, आणि पौल वैतागून त्यांना लिहितो की अरे पौल काय तुमच्यासाठी वधस्तंभावर चढला होता का. त्या काळी फ्लेक्स नव्हते म्हणून पत्रावर भागलं.

आमच्या पाळक साहेबांनी, म्हणजे चर्चच्या पास्टरांनी, स्वतःचा फोटो नको म्हटलं होतं. कमिटीने टाकलाच, कारण नाही टाकला तर बाजूच्या मंडळीवाले काय म्हणतील.

डिलिव्हरी शनिवारी संध्याकाळी ६ ला सांगितली, मिळाली साडेसातला. गुंडाळी करून देतात, तिथं उघडून पाहायला जागा नाही, मी पण घाईत होते. हा माझा दोष. हॉलमध्ये येऊन छोटा बॅनर उघडला. मेणबत्ती छान आली होती. "तुमच्या दुःखात आम्ही सोबत आहोत" बरोबर. आणि त्याच्याखाली सोनेरी रिबीनवर मोठ्या अक्षरात "हार्दिक शुभेच्छा". आणि खाली उजव्या कोपऱ्यात जिथं "पाळक व भेट गट" असं होतं तिथं "पाळक"च्या आधी, थ्रीडी अक्षरात, चकचकीत, "भावी".

भावी पाळक व भेट गट.

नंतर कळलं की त्याने भावी फोल्डरमधलीच एक फाईल घेऊन त्याच्यावर आमचं डिझाईन बसवलं होतं, जुन्या लेयर लपवून ठेवल्या होत्या आणि सेव्ह करताना दोन लेयर चालू राहिल्या. रात्री दोनपर्यंत जागून काम करून राहिला होता, तीन भाऊंचे वाढदिवस एकाच आठवड्यात.

तेव्हा हॉलमध्ये खुर्च्या लावायला आमची एक बाई आली होती. तिचे मिस्टर जुलैमध्ये गेले. तिने बॅनर वाचला आणि माझ्या पोटात गोळा आला. तिने पदर तोंडाला लावला, मला वाटलं झालं, रडली, तर ती हसत होती. हार्दिक शुभेच्छा म्हणे, सिस्टर, हे असते तर लोळले असते हसून. आणि मग ते हसणं रडण्यात कधी गेलं ते तिलाही कळलं नसेल. पाळक साहेब आले, बॅनर पाहिला, २२ वर्षं झाली त्यांना दीक्षा होऊन, म्हणे "बरोबर लिहिलं आहे, अजून भावीच आहे मी," आणि खुर्ची ओढून तिच्या बाजूला बसले. पुढे काही बोलले नाहीत. मी पाणी ठेवलं आणि बॅनर काखेत मारून ॲक्टिव्हा काढली.

दुकान साडेआठला उघडं होतं, हा प्लस पॉईंट लिहून घ्या. मालक नव्हता, हाही प्लस पॉईंट. पोट्ट्याने बॅनर पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला, एकदम "माझ्या खर्चाने छापून देतो काकू, शेठला नका सांगू." मशीनवर आधीचा मोठा जॉब चालू होता, भाऊच, वीस बाय दहा, एक-एक पट्टी करून भाऊंचं कपाळ बाहेर येत होतं, मग भुवया, मग गॉगल. दोन तास थांबावं लागलं. पण त्या दोन तासांत जे बोलणं झालं त्याच्यासाठी मी हा एवढा मोठा रिव्ह्यू लिहून राहिले, नाहीतर दोन ओळीत संपला असता.

तो सारखा सॉरी म्हणत होता म्हणून मी त्याला दुसऱ्या विषयावर नेलं, वॉर्डातली जुनी सवय आहे. समोर निघणाऱ्या गॉगलकडे पाहून मला एक पेशंट आठवला तो सांगितला. नाव नाही सांगणार, शहरही नाही. मोठे पुढारी होते. पहिल्यांदा ॲडमिट झाले तेव्हा पदावर होते, साधं गॉल ब्लॅडरचं ऑपरेशन. बुके ठेवायला जागा नव्हती, आम्ही बाथरूममध्ये बादलीत ठेवायचो. गेटवर माणसं, जिन्यावर माणसं, ड्रेसिंग करायला गेलं तरी दोघं व्हिडिओ काढायला पुढे. त्यांना झोप मिळत नव्हती आणि ते चिडत नव्हते, सगळ्यांना हात जोडत होते, टाके दुखत असताना. मग ते निवडणूक हरले. सहा-सात वर्षांनी परत आले, ह्या वेळी आजार मोठा होता. बायको आणि एक ड्रायव्हर. तिसऱ्या दिवशी रात्री मला बोलावलं आणि फोन पुढे केला, म्हणे सिस्टर, पाहा बरं याला काय झालं, वाजत नाही. मी पाहिला. फोन चांगला होता, रेंज पूर्ण होती. मी म्हटलं साहेब, दवाखान्यात नेटवर्कचा प्रॉब्लेम असतो. खोटं बोलले. आजही कळत नाही बरोबर केलं का. पण मग मी तिथं दहा मिनिटं बसले आणि त्यांनी मला त्यांच्या आईबद्दल सांगितलं, की ती ज्वारीची भाकरी कशी थापायची. राजकारणाचा एक शब्द नाही.

पोट्टं ऐकत होतं. म्हणे "त्यांचे फ्लेक्स आम्ही छापले असतील काकू."

आता कोणी म्हणेल पुढाऱ्यांची कसली दया, त्यांनी स्वतःच ते ओढवून घेतलं. बरोबर आहे, अर्धं. यहेज्केलच्या ३४ व्या अध्यायात मेंढपाळांना जे झापलं आहे ना तसं कोणत्या विरोधी पक्षानेही कोणाला झापलं नसेल: तुम्ही स्वतःलाच चारता, दुबळ्याला बळ दिलं नाही, मोडलेल्याला पट्टी बांधली नाही, हरवलेल्याला शोधायला गेला नाही. तो हिशोब त्यांना चुकवावा लागेलच. पण आमच्यात दर रविवारी अधिकाऱ्यांसाठी, राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना असते आणि मी लहानपणापासून ती अशी म्हणत आले जशी काय ते लोक खुर्च्या आहेत. त्या फोनच्या रात्रीपासून मला त्या प्रार्थनेत एक कान दिसतो, फोन लावलेला.

आणि दुसरी बाजू, फोटोकडे पाहणाऱ्यांची. जून २०२० मध्ये सुशांतसिंग राजपूत गेला तेव्हा लॉकडाऊन होता, आमची भेट फोनवरच चालायची. आमच्याकडची एक कॉलेजची मुलगी दोन दिवस जेवली नाही. घरचे आधी हसले मग ओरडले, कोण लागत होता तो तुझा, ओळख ना पाळख. मलाही तसंच वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. पाळक साहेबांनी तिच्याशी फोनवर बोलून घेतलं आणि नंतर मला एवढंच म्हणाले की तिला तिच्या बाबांबद्दल विचारा. बाबा आदल्या वर्षी ॲक्सिडेंटमध्ये गेले होते. तेव्हा ती रडली नव्हती, सगळे म्हणायचे पोरगी लय हिमतीची आहे, आईला हिने सांभाळलं. ते रडणं कुठं तरी निघायचंच होतं. टीव्हीवर ज्याच्यासाठी सगळा देश रडून राहिला त्याच्यासाठी रडायला परवानगी होती, बाबांसाठी नव्हती. तेव्हापासून कोणी नेत्यासाठी, हिरोसाठी, क्रिकेटरसाठी जास्तच हळवं झालं की मी हसत नाही. सिनेमाचे हिरो आणि मुख्यमंत्री एमजीआर गेले १९८७ मध्ये तर तमिळनाडूत लोकांनी जीव दिले. वेडे लोक म्हणून पेपर बाजूला ठेवणं सोपं आहे. मी विचार करते त्यांच्या घरी त्याच्या आधी कोण जाऊन बसलं होतं.

काउंटरवर बाबासाहेबांचा फोटो आहे दुकानात, ताजा हार असतो, ते पोट्टंच आणते रोज. नागपुरात हे वेगळं सांगायला नको, १४ ऑक्टोबर १९५६ ची दीक्षाभूमी इथून ॲक्टिव्हावर दहा मिनिटं. मी त्याला म्हटलं तुला माहीत आहे का, बाबासाहेबांनी संविधान सभेत २५ नोव्हेंबर १९४९ ला काय सांगितलं होतं? तो म्हणे २६ नोव्हेंबर माहीत आहे, संविधान दिन, २५ चं नाही माहीत. मग सांगितलं, माझ्या शब्दात: धर्मातली भक्ती आत्म्याला मुक्तीकडे नेत असेल, पण राजकारणात भक्ती, विभूतिपूजा, ही अधोगतीचा आणि शेवटी हुकूमशाहीचा पक्का रस्ता आहे. ज्या माणसाच्या फोटोपुढे करोडो लोक हात जोडतात त्याने हे आधीच बोलून ठेवलं आहे! पोट्टं थोडा वेळ शांत. मग म्हणे "पण काकू, त्यायचे पण फ्लेक्स छापतोच ना आपण. आणि त्यायच्या फोटोच्या बाजूला भाऊ." मी म्हटलं, हो, आणि आमच्या येशूच्या बाजूला वक्ते, अर्धा बॅनर. आम्ही दोघंही हसलो, माझं हसणं थोडं कडू होतं.

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात आठवा अध्याय आहे, तो मला त्या रात्री त्या मशीनपुढे बसून नवीन वाटला. लोक म्हातारा शमुवेल संदेष्टा याच्याकडे जातात, म्हणतात आम्हाला राजा दे, बाकी सगळ्या देशांना आहे. तो म्हणतो घ्या, पण ऐकून घ्या काय होईल, तो तुमच्या शेतातलं घेईल, कळपातलं घेईल, आणि तुमची पोरं त्याच्या रथापुढे धावतील. रथापुढे धावतील! हिवाळी अधिवेशनात सिव्हिल लाईन्सला उभं राहून पाहा एकदा, गाडी हळू होते, काच खाली होते, आणि पोरं गाडीच्या दोन्ही बाजूंनी धावतात. तरी लोक म्हणाले नाही, आम्हाला राजा पायजेच. मला पूर्वी वाटायचं मूर्ख होते. आता वाटते थकलेले होते, कोणाला तरी आपल्यापुढे चाललेलं पाहायचं होतं. आणि धावणाऱ्या पोराला तरी काय पायजे असते, काच खाली झाली की एक सेकंद त्याच्याकडे कोणी पाहावं.

आपल्या गडकरींनी २०२३ मध्ये जाहीर सांगितलं होतं की लोकसभेला मी बॅनर-पोस्टर लावणार नाही. मी मालकाला मुद्दाम विचारलं होतं की तुमच्या धंद्याचं काय मग. मालक म्हणे त्यांनी नाही लावले तरी लावणारे आहेत ना. त्याची काळजी मिटली, माझी नाही मिटली. मुंबई हायकोर्टाने ३१ जानेवारी २०१७ ला बेकायदा होर्डिंगबद्दल भला मोठा आदेश दिला, त्यानंतरही आमच्या चौकातला सिग्नल वाढदिवसाच्या आठवड्यात दिसत नाही. घाटकोपरला १३ मे २०२४ ला १२० बाय १२० फुटांचं होर्डिंग पेट्रोल पंपावर पडून १७ लोक गेले, ते जाहिरातीचं होतं, पण आमच्या चौकातल्या बांबूला काय माहीत वर कोणाचा फोटो आहे. म्हणून फ्रेम घेणार असाल तर खिळे पाहून घ्या, इथं खिळे कमी मारतात, मी मोजले.

साडेदहाला नवीन बॅनर निघाला. ह्या वेळी मी तिथंच जमिनीवर पसरायला लावला, भाऊंच्या गॉगलवर, दुसरी जागाच नव्हती. एकदम बरोबर. रंग चांगला, मेणबत्तीचा पिवळा पहिल्यापेक्षाही चांगला आला. पैसे तो घेत नव्हता, मी २७० त्याच्या खिशात कोंबले, ते दुकानाच्या हिशोबात जायला नको म्हणून कॅश दिली. निघताना एकदम लक्षात आलं की तीन चकरा झाल्या, त्याच्या आईचं माहीत, बापाचं माहीत, बारावीचं माहीत, आणि मी त्याला सुरुवातीपासून "ए पोट्ट्या" म्हणून राहिले. भाऊंचं बाळा आणि माझं पोट्ट्या. विचारलं मग नाव. त्याने सांगितलं, आडनावासकट, दोन्ही स्पष्ट, शाळेत हजेरी देतात तसं. इथं लिहत नाही, त्यानेच नको म्हटलं. पुढच्या रविवारी दुपारच्या भक्तीला ये म्हटलं नाही, त्याचा धर्म त्याला आहे, घरी ये म्हटलं, पोहे खायला. अजून आला नाही. फोन मी करते अधूनमधून, उचलतो.

चुकलेला बॅनर मी दुकानात ठेवला नाही. फ्लेक्स फेकवत नाही माझ्याच्याने, प्लॅस्टिक आहे, सडत नाही. बुधवारी मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, भेटीला गेले तेव्हा सोबत नेला. तिथं बाहेर पेशंटचे नातेवाईक झोपतात, खेड्यावरून आलेले, आणि खाली बहुतेकांच्या जुना फ्लेक्सच असतो, कोणाचा कोचिंग क्लास, कोणाचे भाऊ. थंडी सुरू झाली होती. एका आजीबाईला दिला, गोंदियाकडची होती, नातू आत होता. तिला वाचता येत नव्हतं, तिने विचारलं काय लिहिलं आहे बाई याच्यावर. मी पहिली ओळ वाचून दाखवली. बाकीची नाही वाचली. तिने छापलेली बाजू खाली करून पांढरी बाजू वर केली, मळते म्हणे नाहीतर, आणि त्याच्यावर गोधडी टाकली.

तर रेटिंग. प्रिंटची क्वालिटी ४. टायमिंग २. प्रूफ दाखवत नाहीत, मागितल्याशिवाय व्हॉट्सॲपवर पाठवत नाहीत, त्याचा १ कापला. स्टाफ ५, म्हणजे तो एकच. मालक येताना दिसला तर दोन दुकानं पुढे जाऊन या. एकूण ३. उपदेश सभेचा मोठा बॅनर वेळेवर आला, काही चूक नव्हती, वक्ते अर्धे होते, खूश झाले, बॅनरपुढे उभं राहून स्वतःचा फोटो काढून घेतला.

जाणार असाल तर दुपारी जा, संध्याकाळी वाढदिवसवाले येतात. फाईल पेन ड्राईव्हवर न्या, मराठीचा फॉन्ट त्यांच्याकडे उघडताना फुटतो, म्हणून मजकूर कागदावर पण लिहून न्या, मोठ्या अक्षरात. श्रद्धांजलीचं काम असेल तर नवीन कोरी फाईल घ्यायला सांगा, टेम्प्लेट नाही. आणि आयलेट तुमच्यासमोर मारून घ्या, चारही कोपरे, मोठ्या बॅनरला मधे पण दोन.